पहिल्या पाच किलोमीटरांची उधारी

वाचकहो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हात सैल सोडला तर शेवटचा आठवडा कसा काढावा लागतो, हे संसारी माणसाला शिकवावे लागत नाही. मी शिक्षिका आहे, गृहिणी आहे; घरखर्चाची वही गेली सोळा वर्षे मीच लिहिते. तरीही २०२४ च्या जानेवारीत मुंबईच्या अर्धमॅरेथॉनमध्ये हा साधा हिशेब मी विसरले. त्या चुकीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. कारण ती केवळ धावण्याची चूक नव्हती, असे मला पुढे उमगले.

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटरांची धाव. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये तेच प्रमाण म्हणून मान्य झाले. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमधील या शर्यतीसाठी १९८४ पर्यंत थांबावे लागले. एवढे अंतर स्त्रीच्या प्रकृतीस झेपणार नाही, अशी समजूत फार काळ रूढ होती. ती किती पोकळ होती, हे इथिओपियाच्या लेटेसेनबेट गिडे हिने २०२१ मध्ये व्हॅलेन्सिया येथे दाखविले. अर्धमॅरेथॉन तिने १ तास २ मिनिटे ५२ सेकंदांत पुरी केली.

माझी गोष्ट अर्थातच फार लहान आहे. आम्ही इंदूरचे. वयाच्या पस्तिशीत मी धावू लागले आणि एकेचाळिसाव्या वर्षी माझी उत्तम वेळ होती १ तास ४७ मिनिटे ५० सेकंद. मुंबईस ती पावणेदोन तासांच्या आत आणावयाची, असे मी ठरविले. त्यासाठी प्रत्येक किलोमीटर ४ मिनिटे ५८ सेकंदांच्या आसपास धावणे आवश्यक होते. सोळा आठवडे मी पहाटे पिपल्यापाळ्याच्या तलावाकडे जात असे. मी परत येईपर्यंत सासूबाई उठून चहा ठेवीत, मुलीचा डबा भरीत. शर्यतीपूर्वी तीन आठवडे मुलीला ताप भरला. त्या रविवारी माझी सर्वांत लांब धाव होती. ‘जा तू, मी बसते तिच्याजवळ,’ असे सासूबाई म्हणाल्या आणि मी गेले. परत आले तेव्हा त्या मुलीच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण ते दृश्य माझ्या मनातून गेले नाही. आता वेळ साधलीच पाहिजे, नाहीतर घरच्यांनी हे सारे सोसले ते कशासाठी, असे ओझे घेऊन मी अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसले.

पहाटे पाचच्या सुमारास माहीमला शर्यत सुरू झाली. हजारो माणसे, अंधार आणि रस्त्यावरचे दिवे. थंडी अशी नव्हतीच. माळव्यातल्या कोरड्या गारठ्यात सराव केलेल्या मला मुंबईची ती दमट हवा पहिल्या पावलालाच जाणवावयास हवी होती. पण भोवतालची गर्दी माणसाला नकळत ओढीत नेते. सागरी सेतूवर पोहोचले तेव्हा तर भान हरपले. साडेपाच किलोमीटरांहून लांब असलेल्या या पुलावर एरव्ही पायी चालण्यास मनाई आहे. त्या एका पहाटे तो धावणाऱ्यांचा होतो. वर ताणलेल्या तारा, खाली काळे पाणी, आणि शेकडो पावलांचा एकच आवाज. पहिले पाच किलोमीटर मी २३ मिनिटे ४० सेकंदांत धावले. ठरल्यापेक्षा सव्वा मिनिट मी ‘वाचविले’ होते. श्वास मोठा झाला होता, तरी घड्याळाकडे पाहून मी खूश होते.

वाचकहो, या बचतीचे खरे स्वरूप काय असते? वेग थोडा वाढला की शरीर चरबीपेक्षा साखरेचे इंधन अधिक जाळू लागते, आणि स्नायूंतील साखरेचा साठा मर्यादित असतो. दुसरी गोष्ट उष्णतेची. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही. तो वाळला पाहिजे. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. मग अंग निवविण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि त्याच वेळी पायांचीही मागणी पुरवावी लागते. म्हणजे ज्या वेगाने इंदूरला सहज बोलता येई, तोच वेग मुंबईत महाग पडतो. मी तर त्याहूनही वेगाने धावत होते.

दहा किलोमीटर ४८ मिनिटे ४० सेकंदांत झाले. तोवर सारे ठीक वाटले. पंधराव्या किलोमीटरला १ तास १४ मिनिटे ३० सेकंद झाले होते. अजून वेळ हातात आहे, असे आकडे सांगत होते; पाय मात्र निराळेच सांगत होते. पेडर रोडचा चढ लागला. अंधारातही कडेला उभी असलेली माणसे संत्र्याच्या फोडी पुढे करीत होती, टाळ्या वाजवीत होती. मला एकाएकी थंडी वाजू लागली, अंगावर काटा आला, रस्त्यावरचे दिवे हलल्यासारखे दिसले. या खुणा मी वाचलेल्या होत्या. उष्णतेने शरीर हार मानू लागले की अशीच सूचना मिळते.

त्या क्षणी मला मुलीच्या कपाळावरची ती घडी आठवली. पण या वेळी अर्थ निराळा लागला. सासूबाईंनी मला वेळ आणण्यासाठी पाठविले नव्हते. मला धावावयास आवडते म्हणून पाठविले होते. पावणेदोन तासांचा आकडा त्यांच्यापैकी कोणीच मागितला नव्हता. तो माझा होता, आणि त्याला मी त्यांच्या त्यागाचे नाव दिले होते. मी थांबले. शंभरएक पावले चालले, पाणी प्याले, डोक्यावर ओतले. कापरे ओसरल्यावर हळूहळू धावू लागले. मरीन ड्राइव्हवर कितीतरी जणांनी मला मागे टाकले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात शर्यत संपली तेव्हा नुकते फटफटत होते आणि घड्याळात १ तास ४९ मिनिटे १२ सेकंद झाले होते. प्रारंभी वाचविलेल्या सव्वा मिनिटापायी शेवटच्या सहा किलोमीटरांत सव्वाचार मिनिटांहून अधिक गमावली होती.

घरी दूरध्वनी केला. सासूबाईंनी वेळ विचारलीच नाही. ‘पडलीबिडली नाहीस ना? मग झालं,’ एवढेच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मी पुन्हा मुंबईस गेले. चार दिवस आधी जाऊन त्या हवेची थोडी सवय केली. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम २५ मिनिटांहून अधिक वेळ घेतला. शेजारून माणसे पुढे जात असता हात आवरून धरणे हीच त्या शर्यतीतील सर्वांत अवघड गोष्ट होती. पेडर रोडवर मात्र त्यांतील अनेकजण मला पुन्हा भेटले. वेळ आली १ तास ४५ मिनिटे ३६ सेकंद. छत्तीस सेकंद अजून राहिले आहेत, आणि ते मला हवे आहेत, हेही प्रांजळपणे सांगते. आता ते माझेच म्हणून हवे आहेत. लांब धावेचा दिवस ठरविताना मी आता घरातील सर्वांना विचारते, आणि कोणी आजारी असेल तर धाव पुढे ढकलते.

आपणांपैकी कोणास या मार्गाने जावयाचे असेल तर प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, अंतर हळूहळू वाढवावे, आणि परगावी धावताना तेथील हवेप्रमाणे वेग कमी ठरवावा. थंडी वाजणे, गरगरणे, अडखळणे यांपैकी काही जाणवले तर ताबडतोब थांबावे व मदत मागावी. त्यात कमीपणा नाही. आणि पहिल्या पाच किलोमीटरांत श्वास बोलू देत नसेल, तर घड्याळ कितीही गोड बोलो, त्यावर विश्वास ठेवू नये. उधारीचा वेग शेवटी व्याजासह फेडावा लागतो.