पासावर वारसाचं नाव हवं

फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत गेली सोळा वर्षं मी परदेश प्रवासाच्या विम्याचं काम बघते. व्हिसा आणि तिकिटांचं काम बाकीचे करतात, विम्याचं टेबल माझं. मागच्या महिन्यात सुकामेव्याचे एक व्यापारी आले होते. वर्षातून सात-आठ वेळा दुबई, मधूनच मस्कत. दर खेपेला नवी पॉलिसी काढायचे आणि एकदा गडबडीत काढायचीच राहून गेली. मी त्यांना वर्षाची मल्टी-ट्रिप पॉलिसी समजावून दिली. हप्ता एकदाच भरायचा, मग वर्षभरात कितीही वेळा जा. अट एवढीच की एका खेपेचा मुक्काम ठरलेल्या दिवसांच्या आत हवा; तीस, पंचेचाळीस, साठ, जसा प्लॅन घ्याल तसा. त्यांना ते पटलं. सही करता करता त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज कुठून येता?"

"बदलापूरहून. बेलवलीला राहते."

"म्हणजे माझ्यापेक्षा तुमच्याच फेऱ्या जास्त. मग तुमची पॉलिसी कोणती?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून मी हिशेब केला. रविवार, सण आणि रजा वजा केल्या तर वर्षाचे 290 दिवस कामाचे. येऊन-जाऊन 580 फेऱ्या. बदलापूर ते सीएसएमटी अंतर सुमारे 68 किलोमीटर, म्हणजे वर्षाला 39,440 किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक फेरी मारायची तर सुमारे 40 हजार किलोमीटर होतात. माझ्या डब्यातली प्रत्येक बाई दरवर्षी जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा करते. भाजी निवडत, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलत, अंबरनाथ आलं की उठून दाराकडे सरकत. वारंवार प्रवास करणारा माणूस म्हणतात तो हाच. आणि या प्रवासाचा विमा कुणीच काढत नाही, कारण तो मागायची सोयच कुठे ठेवलेली नाही.

रेल्वेकडे विमा नाही असं नाही. आम्ही वर्षा-दोन वर्षांतून अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातो. कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडतो. तिकीट आयआरसीटीसीवर काढताना विमा हवा का, असा प्रश्न येतो. मी कामाच्या सवयीनं हो म्हणते. ही योजना 1 सप्टेंबर 2016 ला सुरू झाली, तेव्हा माणशी 92 पैसे पडत. आता 45 पैसे पडतात. त्या पैशांत मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 10 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत आणि रुग्णालयाच्या खर्चाला 2 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. तिकीट झालं की विमा कंपनीचा मेसेज येतो आणि त्यातल्या दुव्यावर वारसाचं नाव भरायचं असतं. हा मेसेज कित्येक जण उघडतही नाहीत. कृपा करून उघडत जा.

पण ही सोय उपनगरी गाड्यांना लागू नाही. कल्याण सोडलं की महालक्ष्मी आमच्याच बदलापूरवरून, आमच्याच रुळांवरून पुढे जाते. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि हीच गाडी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराहून अधिक माणसं होती गाडीत. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आसपासच्या गावांतली माणसं धावून गेली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्या गाडीत ज्यांनी विम्याच्या प्रश्नाला हो म्हटलं असेल, त्यांच्यामागे विमा उभा होता. त्याच रुळांवरून रोज जाणाऱ्या आम्हा पासधारकांपुढे हा प्रश्न कधी आलेलाच नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते : लोकलचा पास काढतानाच अपघात विमा मिळाला पाहिजे, वर्षभराचा, सगळ्या फेऱ्यांचा, आणि पासाच्या अर्जातच वारसाच्या नावाचा रकाना हवा.

लांब पल्ल्याचाच दर लावला तर 580 फेऱ्यांचे 45 पैशांनी 261 रुपये होतात. महिन्याला बावीसही नाहीत. आपल्याकडे असं काही झालेलंच नाही, असंही नाही. एसटीनं 1 एप्रिल 2016 पासून तिकिटामागे एक रुपया अधिभार घेऊन अपघात सहायता निधी उभा केला. त्यातून मृताच्या वारसाला 10 लाखांपर्यंत मदत मिळते. खेड्यातली बाई बाजाराला जाताना तो रुपया देते आणि तिच्या घरामागे आधार उभा राहतो. एसटीला जमलं, ते लोकलला जमायला हवं.

यावर माझ्याच ऑफिसात मला तीन आक्षेप ऐकावे लागले. तिन्ही खरे आहेत, म्हणून तिन्हींना उत्तर देते.

पहिला आक्षेप असा की नुकसानभरपाई तर कायद्यानं आहेच. रेल्वे कायदा 1989, कलम 124-अ. गाडीतून अपघातानं पडून प्रवासी दगावला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूची रक्कम 8 लाख आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलं की चालत्या गाडीत चढताना पडलेला माणूसही यात येतो. 2018 साली सांगितलं की मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. हे निकाल गरीब प्रवाशाच्या बाजूचे आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. पण भरपाई मिळवायला रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, तेही घटनेपासून एक वर्षाच्या आत, आणि माणूस वैध प्रवासी होता हे दाखवण्याची सुरुवात घरच्यांनाच करावी लागते.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं उदाहरण सांगते. ठाण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी काम. दोन पावसाळ्यांपूर्वी गर्दीत चढताना ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि ते खाली गेले. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि डाव्या पायाची तीन बोटं गेली. त्यांचा पास मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल रुळांवर. तो फोन मी पाहिला आहे. काच पिठासारखी झालेली, मधून वाकलेला, काकूंनी तो फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात जपून ठेवला होता, कारण पुरावा म्हणून दुसरं काहीच हातात नव्हतं. शेवटी मुलीनं बँकेचे जुने मेसेज चाळत चाळत पासाचे पैसे खात्यातून गेल्याचा मेसेज शोधून काढला. स्टेशनवरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयाचे कागद, या प्रत्येकासाठी काकू कामावर खाडा करून गेल्या. दावा अजून चालू आहे. मधल्या पाच महिन्यांत घरात पगार नव्हता आणि काकूंच्या बांगड्या गहाण पडल्या. कायद्यातली भरपाई उद्या मिळेलही, पण त्या पाच महिन्यांतलं भाडं, औषधं आणि शाळेची फी तेव्हाच भरावी लागली. विमा असतो तो या मधल्या दिवसांसाठी. पासाचा क्रमांक हाच पॉलिसीचा क्रमांक असता, तर पास कुठे आहे हा प्रश्नच उरला नसता. फोन फुटला तरी नोंद कंपनीकडे राहिली असती.

दुसरा आक्षेप विमा क्षेत्रातल्या माणसांचा. ते म्हणतात, 45 पैसे लांब पल्ल्याला परवडतात, कारण तिथे अपघात विरळा. लोकलला हा दर पुरणारच नाही. बरोबर आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2023 या एका वर्षात 2,590 माणसं गेली. दिवसाला सात. त्यातली बरीच रूळ ओलांडताना गेली आणि त्यांना असा विमा लागू होणार नाही. त्यांच्यासाठी पूल, सरकते जिने आणि कुंपणंच हवीत. पण गाडीतून पडणाऱ्यांची संख्याही लहान नाही. 9 जून 2025 ची सकाळ आठवा. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना घासून गेल्यागत जवळून गेल्या आणि दारात लटकलेले तेरा जण खाली पडले. त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. त्या दिवशी आमच्या डब्यात मुंब्रा येईपर्यंत कुणी बोललं नाही. खिडकीजवळच्या एका मावशींनी हात जोडले, तेवढंच.

तेव्हा हप्ता जास्त पडेल हे मला मान्य आहे. तो 261 चा पाचशे झाला, हजार झाला तरी त्याचा वाटा रेल्वेनं आणि राज्य सरकारनं उचलावा. आणि मला तर वाटतं, हा जास्तीचा हप्ताच आपल्या कामाचा आहे. आज एक माणूस दारातून पडला की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात आणि विषय संपतो. विमा आला की प्रत्येक पडलेल्या माणसाची नोंद होईल, कोणत्या वळणावर, कोणत्या गाडीतून, किती वाजता, याचा हिशेब ठेवला जाईल आणि त्याला पैशात किंमत लागेल. मी रोज पाहते, विमा कंपनी धोका बघूनच दर लावते आणि धोका कमी झाला की दर उतरतो. दरवाजे बंद होणाऱ्या लोकल लवकर आल्या, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका वेळेत झाली, तर हप्ता खाली येईल. म्हणजे उशिराचा खर्च पहिल्यांदाच कुणाच्या तरी वहीत दिसेल.

तिसरा आक्षेप माझ्याच मैत्रिणीचा. ती म्हणाली, "अगं, विमा दिला की ते सुरक्षेचं बघणारच नाहीत. आम्हाला पैसे नकोत, बसायला जागा हवी." तिचं दुखणं माझंही आहे. रात्री साडेआठला सीएसएमटीला उभी राहते तेव्हा मलाही विमा नको असतो, गाडी हवी असते. पण बंद दारांची गाडी येईपर्यंत, नवी मार्गिका होईपर्यंत रोजचं जाणं थांबत नाही. घराला आग लागू नये म्हणून वायरिंग नीट करायचं असतं आणि तरी घराचा विमाही काढायचाच असतो. एक मागितलं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना बऱ्याच जणींना ठाऊक असते, पण आपल्या खात्यावर ती चालू आहे का हे माहीत नसतं. वयाची अट 18 ते 70. वर्षाचे फक्त 20 रुपये बँक खात्यातून आपोआप जातात, 1 जून ते 31 मे असं तिचं वर्ष असतं. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 1 लाख. लोकल, रिक्षा, रस्ता, सगळीकडचा अपघात यात धरतात. मे महिन्याच्या शेवटी खात्यात 20 रुपये नसले तर संरक्षण तुटतं, एवढं मात्र ध्यानात ठेवा. आमच्या डब्यात मी हे सांगितलं तेव्हा अकरा जणींनी आपापली पासबुकं तपासली. चौघींचे पैसे जातच नव्हते. ज्यांना परवडतं त्यांनी याच्यावर वैयक्तिक अपघात विमा घ्यावा, आणि घेताना त्यात कामाला न जाता आल्याच्या आठवड्यांचे पैसे मिळतात का, हे आवर्जून विचारावं. रोजंदारीवरच्या आणि कंत्राटी माणसाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

पण प्रत्येकानं आपापलं बघावं, हे या प्रश्नाचं उत्तर नाही. पास काढणारे लाखो प्रवासी एकत्र आले तर विमा स्वस्त होतो, एकेकट्यानं घेतला तर महाग पडतो. प्रवासी संघटनांनी बंद दारं आणि जादा गाड्यांच्या मागणीशेजारी ही मागणीही लिहावी. आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी ती रेल्वेमंत्र्यांपुढे मांडावी. नवा कायदा लागत नाही. लांब पल्ल्याच्या विम्यात अपघाताची जी व्याख्या आहे, ती रेल्वे कायद्यातलीच आहे आणि गाडीतून अपघातानं पडणं तिच्यात आहेच. फक्त लोकलच्या पासाला त्यातून बाहेर ठेवलंय, ते थांबवायचं आहे.

काकांच्या अपघातानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. दर महिन्याला पास काढला की त्याचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. खाली काही लिहीत नाही. माझी मुलगी बारावीत आहे. पहिल्या वेळी तिनं विचारलं होतं, "आई, हे कशाला?" मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे." आता ती विचारत नाही, तिला कळलंय. तिनं तो फोटो आपल्या फोनमध्ये जपून ठेवायचा, हे सतरा वर्षांच्या मुलीचं काम नाही. ते काम पासाचं आहे. माझ्या नावाखाली, त्याच पासावर, तिचं नाव छापलेलं असायला हवं.