वळण आधी, वजन नंतर

केटलबेल हे मुळात बाजारातलं वजन आहे. रशियात धान्य मोजायला ‘पूद’ नावाचं माप होतं, आजच्या हिशेबात १६.३८ किलोचं. तराजूच्या पारड्यात ठेवायची ही मुठीची लोखंडी वजनं कोण किती वेळा डोक्यावर नेतो, यावर जत्रांतून चढाओढी लागल्या आणि मापाचं व्यायामसाधन झालं. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८८५ साली डॉ. व्लादिस्लाव्ह क्रायेव्स्की यांनी हौशी व्यायामपटूंचं मंडळ सुरू केलं, तेव्हा या वजनांना शास्त्राची शिस्त आली. पुढे सोव्हिएत संघात त्याचा स्पर्धेचा खेळ झाला आणि १९८५मध्ये त्याचे एकसारखे नियम ठरले. आजही १६, २४ आणि ३२ किलोच्या केटलबेल मिळतात त्या याच हिशेबानं : एक पूद, दीड पूद, दोन पूद. तूर, हरभरा, उडदाचा व्यवहार जिथे बारमाही चर्चेत असतो, त्या दुधनीसारख्या बाजारपेठेच्या गावात हे साधन परकं वाटण्याचं काही कारण नाही. एक वजन, दोन हातांची मोकळी जागा आणि रोजची वीस-पंचवीस मिनिटं एवढ्यावर ताकद आणि दम दोन्ही कमावता येतात. जिथे सुसज्ज व्यायामशाळेसाठी अक्कलकोट किंवा सोलापूर गाठावं लागतं, तिथे ही सोय फार मोलाची आहे.

पण सोय होते तशी घाईही होते. मोबाइलवर दिसतो तो स्नॅच. दोन पायांमधून मागे गेलेलं वजन एका झटक्यात वर येतं आणि कुठेही न थांबता डोक्यावर ताठ हातात स्थिरावतं. दिसायला देखणा, पुरुषार्थाला आव्हान देणारा. मग नवशिका तरुण थेट २४ किलोची केटलबेल मागवतो, ‘तीस दिवसांत अमुक हजार’ अशा आव्हानाला नाव देतो आणि पहिल्याच आठवड्यात मनगट काळंनिळं करून, तळहाताची साल सोलून किंवा कंबर धरून बसतो. माझं म्हणणं असं आहे की, केटलबेलचा कार्यक्रम निवडताना त्यातला आकडा पाहू नये, त्यातला क्रम पाहावा. कोणती हालचाल आधी आणि कोणती नंतर, वजन कधी वाढवायचं आणि कधी थांबायचं, हे जो कार्यक्रम स्पष्ट सांगतो तो चांगला. आणि त्या क्रमात स्नॅचची जागा शेवटची आहे.

याचं कारण भीती नाही, शरीराची रचना आहे. कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकारी ली मार्शल यांनी २०१२मध्ये केटलबेलच्या स्विंगचं (दोन पायांमधून मागे नेलेलं वजन कमरेच्या झटक्यानं छातीपर्यंत उडवणं) आणि स्नॅचचं मोजमाप प्रसिद्ध केलं. १६ किलोच्या स्विंगच्या सुरुवातीला कमरेच्या मणक्यांवर पडणारा दाब सुमारे ३,२०० न्यूटन भरला. १६ किलो वजन नुसतं लटकत असेल तर पृथ्वी त्याला १६० न्यूटनच्याही आत खेचते, हे लक्षात घेतलं की हलणाऱ्या वजनाचा हिशेब किती वेगळा असतो ते कळतं. त्याहून महत्त्वाचं निरीक्षण दुसरं होतं. एका मणक्यावर दुसरा मणका सरकवू पाहणारा जो जोर असतो, त्याची दिशा स्विंगमध्ये नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट येते. म्हणूनच कुणाची दुखरी पाठ स्विंगनं सुधारते, तर प्रचंड भार सहज पेलणाऱ्या एखाद्याची चांगली पाठ त्याच स्विंगनं बिघडते, असा अंदाज त्यांनी मांडला.

आपल्याकडे हमखास येणारा पहिला आक्षेप इथेच निकालात निघतो. ‘ज्या गावातले हमाल पाठीवर पोती वाहतात, शेतकरी खताची गोणी खांद्यावर टाकून बांधावर जातो, तिथे १६ किलोचं काय कौतुक?’ विजयपूरच्या सिद्धेश्वर जत्रेत संक्रांतीला दगड आणि पोती उचलण्याच्या स्पर्धा होतात. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सगळ्या सीमाभागात ताकदीला मान आहे आणि तो असायलाच हवा. पण पोत्याचा भार सरळ खाली येतो आणि माणूस त्याखाली सावकाश चालतो. केटलबेल दर दीड-दोन सेकंदांनी शरीरापासून दूर फेकली जाते आणि दर वेळी तिला आवरावं लागतं. पोतं पेलणाऱ्याकडे पहिली ताकद असते. दुसरी असेलच असं नाही, ती शिकावी लागते. दिवसभर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला तर मी वेगळाच सल्ला देईन. त्याची मूठ आणि कंबर संध्याकाळपर्यंत थकलेली असते, त्यावर आणखी भार नको. सुट्टीच्या दिवशी हलक्या वजनानं केलेलं गेट-अप (त्याचं वर्णन पुढे येईल) आणि खांदे मोकळे करणाऱ्या हालचाली त्याच्या जास्त उपयोगाच्या आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७मध्येच एका प्रौढ पुरुषानं वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत खाली आणावी, अशी शिफारस केली होती. जड ओझं वाहणं ही बऱ्याचदा गरज असते, ते तब्येतीचं प्रमाणपत्र नव्हे.

आता कार्यक्रमांकडे पाहू. पावेल त्सात्सुलीन यांचं ‘सिंपल अँड सिनिस्टर’ हे २०१३चं पुस्तक दोनच हालचालींवर उभं आहे : एका हाताचे स्विंग, दहा-दहाचे दहा सेट, आणि टर्किश गेट-अप, प्रत्येक बाजूला पाच. गेट-अप म्हणजे आडवं पडून वजन एका हातात ताठ वर धरायचं आणि नजर त्यावरून न हलवता कोपर, तळहात, गुडघा अशा टप्प्यांनी उभं राहायचं, मग त्याच वाटेनं परत झोपायचं. स्नॅच त्यात नाहीच. त्याच लेखकाच्या २००६च्या ‘एंटर द केटलबेल’ या पुस्तकात स्नॅच आहे, पण तिथेही आधी स्विंग आणि गेट-अप पक्के करायचा टप्पा आहे, त्यानंतर पुढची पायरी. दुसऱ्या टोकाला डॅन जॉन यांचा दहा हजार स्विंगचा कार्यक्रम आहे : एका दिवशी ५००, असे वीस दिवस. तो वाईट नाही. पण ज्याचा स्विंग आधीच निर्दोष आहे त्याच्यासाठी तो आहे. चुकीचा स्विंग दहा हजार वेळा केला, तर चूकच दहा हजार वेळा घोटवली जाते. म्हणून नवख्यासाठी माझी निवड पहिल्या प्रकारची आहे. पुरुषांनी १२ किंवा १६ किलो, स्त्रियांनी ८ किलो, आठवड्यातून तीन-चार दिवस, किमान तीन महिने. खुब्यातून वाकणं, पाठ सपाट ठेवणं आणि वजन हातानं न ओढता कमरेच्या झटक्यानं उडवणं एवढं अंगवळणी पडलं, की मग पुढचं.

पुढचं म्हणजे स्नॅच, आणि त्याआधी एक साधी परीक्षा. गुडघे वाकवून जमिनीवर उताणं पडावं आणि दोन्ही हात डोक्यामागे न्यावेत. कंबर जमिनीवरून न उचलता हाताची मागची बाजू जमिनीला लागत नसेल, तर खांदा अजून तयार नाही. असा खांदा वजन डोक्यावर न्यायला कमरेकडून वाक उसना घेतो आणि त्याची परतफेड कंबर करते. खांदा मोकळा असेल तर शिकवणीची सुरुवात वरून करावी. हलकं वजन दोन्ही हातांनी डोक्यावर न्यावं आणि मग एका हातात घ्यावं. कोपर ताठ, मनगट सरळ, दंड कानाजवळ, खांदा कानाकडे न चढलेला. तिथे पाच-दहा सेकंद थांबून मग खाली सोडायला शिकावं. तळहात सालटतो तो बहुधा याच उतरणीत, कारण मूठ घट्ट आवळलेली असते आणि खाली येणाऱ्या दांड्यात कातडी चिमटली जाते. वजन खाली येतानाच दांडा तळव्यातून बोटांच्या मुळाशी सरकू द्यायचा, वजन शरीराजवळून पाडायचं आणि हात पोटाला टेकल्यावरच खुब्यातून वाकायचं. आधी वाकलं तर सगळा हिसका पाठीला बसतो. उतरण जमली की चढण. स्विंगसारखंच वजन उडवायचं, पण कोपर अंगाजवळ ठेवून. वजन छातीच्या वर आलं की क्षणभर ते तरंगतं, तेव्हा मूठ सैल करायची आणि बोटं आभाळाकडे खुपसल्यासारखा हात दांड्यातून वर घालायचा. मग वजन हाताभोवती वळून अलगद मनगटामागे टेकतं. हा क्षण चुकला, की वजन वरून उलटून मनगटाच्या वर आदळतं. एका हातानं पाच, मग दुसऱ्या हातानं पाच, मग पुरेशी विश्रांती. पहिला फटका बसला, मूठ घसरली किंवा पाठ गोल झाली, की त्या दिवसाचा स्नॅच संपला. मनात धरलेला आकडा पुरा व्हायचा राहिला असेल, तर राहू द्यावा.

इथे कुणी विचारेल, इतकी धोक्याची गोष्ट करायचीच कशाला? स्विंग आणि गेट-अपवरच का थांबू नये? बहुतेकांनी तिथे थांबलं तरी काही बिघडत नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. डेन्मार्कमध्ये केनेथ जे आणि सहकाऱ्यांनी चाळीस जणांवर केलेला प्रयोग २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या, कामाच्या पद्धतीमुळे मान-पाठीच्या दुखण्याचा संभव असलेल्या. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा केटलबेल केल्यावर मान, खांदे आणि कंबर यांचं दुखणं कमी झालं, पाठीची ताकद वाढली. दम मात्र वाढला नाही. स्नॅचचं मोल इथे कळतं. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पंधरा सेकंद स्नॅच, पंधरा सेकंद विश्रांती, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा केलं. चार आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे सहा टक्क्यांनी वाढली. म्हणजे दुखणं कमी करायचं आणि बळकट व्हायचं तर स्नॅच लागत नाही. पोलीस भरतीची, कबड्डीची, कुस्तीची तयारी करणाऱ्याला दम हवा असेल, तर स्नॅच हे उत्तम साधन आहे. त्या मुली आधीपासून कसलेल्या खेळाडू होत्या, हे मात्र विसरू नये.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे : आपल्या तालमीत मुद्गल आहेत, करेल आहे, दगडी नाल आहे, रशियाचं वजन कशाला? हा अभिमान योग्यच आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत मराठीत सिद्ध केला, इतकी श्रीमंत आपली व्यायामविद्या आहे. ज्याच्या गावात चालती तालीम आणि जाणता वस्ताद आहे, त्यानं आधी तिथे जावं. पण तालमीकडून घ्यायची खरी गोष्ट हत्यारापेक्षा शिस्तीची आहे. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी जड जोडी हातात देत नाही. जोर-बैठकांनी अंग तयार झाल्यावर देतो. केटलबेलला तीच रीत लावा, एवढंच मी म्हणतो आहे. ती रीत मोडून मुद्गल फिरवले, तरी खांदा निखळायचा तो निखळेलच.

उरतो शिक्षकाचा प्रश्न. दुधनीत केटलबेलचा जाणकार शिक्षक मिळेलच, असं नाही. सोलापुरात मिळत असेल तर दोन-चार तासांची शिकवणी घेण्यासाठी तिथे फेरी मारणं हा सर्वांत चांगला खर्च. ते जमणार नसेल तर फोन बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून स्वतःचं चित्रण करावं आणि पाठ, कोपर, वजनाची वाट या तीनच गोष्टी तपासाव्यात. व्हिडिओ पाहून शिकायचं तर एकच पद्धत धरावी. स्पर्धेतला खेळाडू दहा मिनिटं वजन खाली न ठेवता स्नॅच करतो आणि हात एकदाच बदलतो. त्याची सगळी हालचाल शक्ती वाचवण्यासाठी सैल असते. त्सात्सुलीन यांच्या पद्धतीत प्रत्येक स्नॅच झटक्याचा आणि ताणाचा असतो. दोन्हींचं अर्धं-अर्धं घेतलं की कुठलंच नीट येत नाही. सराव फरशीवर करू नये, मातीवर करावा. समोर माणूस, पोर, गाडी नको. वजन सुटतंय असं वाटलं तर ते वाचवायला न जाता सोडून द्यावं आणि मागे व्हावं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घामानं मूठ घसरते, तेव्हा पहाटेची वेळ बरी. पाइप वाकवून, डब्यात सिमेंट ओतून केलेलं घरगुती वजन स्नॅचला वापरू नये. वेल्डिंगचा कंगोरा हात फाडतो आणि जोड सुटला तर वजन डोक्यावर असतं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मणक्याची गादी सरकलेली, पूर्वी निखळलेला खांदा किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

व्यायामशाळा काढणाऱ्यांना आणि गावातल्या तरुण मंडळांना म्हणून एक आग्रहाची विनंती आहे. केटलबेल घेणार असाल तर २४ आणि ३२ किलोची रांग लावून सुरुवात करू नका. आधी ८, १२ आणि १६ किलोची घ्या. मोठी वजनं भिंतीशी शोभून दिसतात, पण ती पाहून नवा मुलगा आपली लायकी आकड्यात मोजू लागतो आणि बायका-मुली तर दारातूनच परत फिरतात. डेन्मार्कच्या प्रयोगात ज्यांचं दुखणं कमी झालं त्या बहुतेक मध्यमवयीन स्त्रियाच होत्या. धुणं, पाणी, शेत आणि घर यांत कंबर झिजवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना ८ किलोची केटलबेल आणि ती नीट वापरायला शिकवणारं कुणी मिळालं, तर त्याचं मोल एखाद्या तरुणाच्या शंभर स्नॅचपेक्षा मी जास्त मानेन. हलक्या वजनाची लाज वाटणार नाही, अशी व्यायामशाळा उभी करणं आपल्या हातात आहे, आणि तेवढं झालं तर पुढची जड वजनं उचलणारे हात त्यातूनच तयार होतील.