अपुऱ्या तपासणीचे ओझे रुग्णावर का?

लष्करी छावणीच्या भिंगारमधील एखाद्या गृहिणीच्या गळ्यावर गाठ दिसली, तर सोनोग्राफीची सोय शेजारच्या अहिल्यानगर शहरात आहे. थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान झाले, की मात्र अनेकांना पुण्याची किंवा परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते. प्रवासाचा खर्च, बुडणारा रोजगार आणि घरच्यांची ओढाताण एकदाच सोसावी लागावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पुरी होणे बरेचसे शस्त्रक्रियेपूर्वीच्या सोनोग्राफीवर अवलंबून असते.

या कर्करोगाचा पॅपिलरी हा प्रकार सर्वाधिक आढळतो. तो बहुधा बरा होणारा असला, तरी मानेतील लसिकाग्रंथींत पसरण्याकडे त्याचा कल असतो. हा प्रसार आधी लक्षात आला नाही, तर मागे राहिलेल्या गाठींसाठी पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. निकोप लसिकाग्रंथी सामान्यतः लांबट असते व तिच्या मध्यभागी उजळ रेघ दिसते. ती गोलसर झाली, रेघ लोपली, आत कॅल्शियमचे सूक्ष्म कण किंवा द्रवाच्या पोकळ्या दिसल्या, की संशय बळावतो. मग सुईने पेशी काढून खात्री करून घेता येते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१५ साली अशा रुग्णांच्या मानेची शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी करण्याची शिफारस केली, ती यासाठीच.

अर्थात, यंत्राला सर्वज्ञ मानण्याचे कारण नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी ते चांगल्या दाखविते. श्वासनलिकेलगतच्या, थायरॉईडच्या आडोशाच्या गाठी पुष्कळदा निसटतात. म्हणून 'काही दिसले नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. उलट, केवळ धास्तीपोटी तेथील सर्व गाठी काढणेही निर्धोक नव्हे. आवाजाची नस आणि शरीरातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्या ग्रंथी तेथेच असतात. निरोगी माणसांच्या सरसकट तपासण्यांनीही लाभ होतोच असे नाही. दक्षिण कोरियात अशा तपासण्या वाढल्यावर २०११ पर्यंत या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले.

तेव्हा प्रश्न अधिक तपासण्यांचा नसून पुऱ्या तपासणीचा आहे. त्यासाठी नवी इमारत नको की नवे खाते नको. संशयास्पद गाठ असलेल्या रुग्णाची संपूर्ण मान तपासावी. कोणत्या बाजूला, कोणत्या भागात लसिकाग्रंथी संशयास्पद दिसल्या वा दिसल्या नाहीत, हे अहवालात स्पष्ट लिहावे. सरकारी रुग्णालयांपासून खासगी केंद्रांपर्यंत अहवालाचा एकच नमुना आरोग्य खात्याने घालून द्यावा. भिंगारहून मुंबईची गाडी पकडणाऱ्या रुग्णाच्या हातातील कागद अर्धवट नसावा, एवढी दक्षता घेणे कोणालाही अशक्य नाही.