प्रकाशाला पीळ देणारी साखर

विज्ञानातल्या गमतीजमती म्हटले की कृष्णविवरे, डायनोसॉर, नाहीतर चंद्रावरची स्वारी हटकून येते. मुले डोळे विस्फारून वाचतात आणि नकळत एक समजूत करून घेतात, की नवल म्हणजे नेहमी दूरदेशी घडणारी गोष्ट. माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरच्या मुलांचा तरी असा समज होऊ नये. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे या गावाचे नाव साखरेशी जोडले गेले. उसाने लादलेल्या गाड्या आणि मळीचा वास तिथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. पण त्याच साखरेत एक नवल दडले आहे आणि ते थेट शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचते.

साखर प्रकाशाला पीळ देते!

प्रकाशाच्या लहरी पुढे जाताना सर्व बाजूंना डुलत असतात. पोलरॉइड काचेतून गाळून घेतला, की एकाच पातळीत डुलणारा प्रकाश उरतो. तो साखरेच्या पाण्यातून गेला, की ही पातळी उजवीकडे वळते. मिठाच्या पाण्याने असे काही होत नाही. साखरेच्या रेणूची घडणच तळहातासारखी आहे. डावा तळहात जसा उजव्यावर ठेवून तंतोतंत जुळत नाही, तसा हा रेणू आरशातल्या आपल्या प्रतिमेशी जुळत नाही. द्रवांचा हा गुण फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनी १८१५ साली दाखवून दिला.

घरीही बघता येईल. संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा ठेवा, त्यापुढे काचेच्या ग्लासात साखरेचा दाट, स्वच्छ पाक धरा आणि पोलरॉइड गॉगलची काच डोळ्यांपुढे हळूहळू फिरवा. पाकात रंग बदलताना दिसतील, कारण प्रत्येक रंगाला पडणारा पीळ वेगळा.

साखर जितकी जास्त, तितका पीळ जास्त. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर असली आणि ते २० सेंटिमीटरच्या नळीत भरले, तर सोडियमचा पिवळा प्रकाश सुमारे साडेचौतीस अंश वळतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत यालाच १०० मानून रसाचे ‘पोल’ काढतात.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. साखरेचे तसे नाही. तोडलेला ऊस फडात किंवा काट्यावर पडून राहिला, की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. फ्रुक्टोज प्रकाशाला जोरात डावीकडे वळवते, म्हणून उजवा पीळ उतरत जातो. या फुटलेल्या साखरेचे दाणेही बनत नाहीत. ऊस दिसायला तसाच, पण पोत्यात पडणारी साखर कमी!

इथे गंमत संपते आणि व्यवहार सुरू होतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला आहे. अलीकडच्या हंगामांत तो १०.२५ टक्के उतारा धरून ठरला आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढीव रक्कम आहे. हा दशांश किरकोळ वाटतो, पण एक लाख टन गाळपात तो १०० टन साखर होतो. उतारा पोत्यांवरून निघतो हे खरे. पण चिपाडात किती साखर गेली, मळीत किती उरली, हे प्रयोगशाळाच सांगते. रस किंवा मळी इथेनॉलकडे वळवली, तर पोत्यात न आलेल्या साखरेचाही हिशेब मांडावा लागतो. तो मांडायचा तर पुन्हा प्रयोगशाळेच्याच आकड्यांकडे वळावे लागते.

शेतकरी वजनकाट्यावर डोळ्यांत तेल घालून उभा राहतो, कारण काटा त्याला कळतो. प्रयोगशाळेतला आकडा मात्र तो ऐकून घेतो. न कळणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो किंवा संशय घ्यावा लागतो. तपासता मात्र येत नाही. म्हणून साखरपट्ट्यातल्या कारखान्यांनी हंगामात एक दिवस प्रयोगशाळेचे दार शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी उघडावे. दहावीच्या मुलीने नळीतून एकदा डोकावून स्वतः पोल मोजले, तर घरी आलेल्या बिलावरचा उतारा तीच वडिलांना समजावून सांगेल.