पांढरा रंग डबीत नसतो

मागच्या अंकातल्या पाना-फुलांच्या चित्रांवर आलेल्या पत्रांतलं एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. लिहिणाऱ्या भगिनी कॉलेजात चित्रं काढायच्या. निकाहनंतर रंगांची पेटी कपाटावर गेली ती १८ वर्षांनी खाली आली. आता फजरनंतर अर्धा तास त्या रंगवतात आणि कागद गादीखाली सरकवतात. ‘घरात दाखवलं तर माशाअल्लाह म्हणतात आणि चहा मागतात, बाहेर दाखवलं तर हसतील. मग दाखवू कुणाला?’ असा त्यांचा सवाल आहे. सोबत बीबी का मकबऱ्याचं चित्र आहे. रेखाटन चांगलं आहे, पण घुमट खडूनं रंगवल्यासारखा दिसतो. कारण त्यावर पांढरा रंग थापलाय.

आधी घुमटाचं बघू. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे ब्रश लावायचाच नाही. मकबरा पांढरा दिसतो तो त्याच्यामागच्या निळ्या आभाळामुळे आणि अंगावरच्या सावल्यांमुळे. म्हणून सुरुवात आभाळापासून. बोर्डाच्या वरच्या कडेखाली एखादं पुस्तक ठेवून उतार द्यावा. स्वच्छ पाण्यानं फक्त आभाळाचा भाग ओला करावा आणि घुमट-मिनारांच्या रेषेपाशी थांबावं. मग भरपूर पाण्यातला अल्ट्रामरीन निळा वरून खाली सोडावा. रंग ओल्या भागातच पळतो, कोरड्या कागदापाशी अडतो आणि घुमटाची कडा आपोआप कापल्यासारखी उमटते. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा गडद वाटला तर घाबरू नये.

त्यानंतर वाट पाहायची. हे सगळ्यांत अवघड. कागदाला तळहाताची मागची बाजू लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला की तो रंगाला बाजूला ढकलतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. पावसाळ्यात कोकणात एक थर वाळायला तासभरही लागतो. तोवर भाजी चिरून होते.

सावलीसाठी काळा रंग नको. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की सुंदर राखाडी मिळतो. निळा जास्त तर थंड, सिएना जास्त तर उबदार. मकबऱ्याला हे दोन्ही राखाडी लागतात, आणि त्यामागे इतिहास आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारल्या. त्यांच्यासाठी हा मकबरा उभारला गेला. वास्तुकार अताउल्लाह, म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरींचा मुलगा. पण इथे सगळा संगमरवर नाही. खालचा थोडा भाग आणि घुमट संगमरवरी, मधला मोठा भाग दगडावर चुन्याचा गिलावा दिलेला. तो गिलावा पावसापाण्यानं मळकट, पिवळसर झालाय. म्हणून घुमटाची सावली निळसर ठेवा, भिंतींची तपकिरीकडे झुकणारी. ‘स्वस्तातला ताज’ म्हणून या इमारतीला हिणवणारे खूप आहेत. रंगवायला बसलं की हे दोन पांढरे हाच तिचा खरा नखरा आहे असं आम्हाला वाटतं.

सकाळी दरवाजाकडून समोर पाहिलं तर उजवी बाजू उजळ आणि डावी सावलीत असते. घुमट गोल आहे, त्यामुळे सावलीची उजेडाकडची कडा ओलसर ब्रशनं लगेच विरवून टाका. भिंतीच्या कोपऱ्यावरची कडा मात्र सरळ, कडक राहू द्या. डबीतला पांढरा अगदी शेवटी, जाळीच्या एखाद-दुसऱ्या रेषेपुरता.

कागद मात्र शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा नको, तो पाण्यानं फुगतो. ३०० जीएसएमचा एक मोठा ताव (२२ बाय ३० इंच) आणला तर त्याचे आठ तुकडे होतात. पुण्याचा हातकागदही वापरून बघण्यासारखा आहे.

काही घरांत चित्रकला म्हटलं की जाणत्यांच्या कपाळावर आठी येते. सजीवांच्या चित्रांविषयी त्यांच्या मनात शंका असते, आणि तिचा आदर करायला हवा. चित्रांवर पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याचं सहीह बुखारीत आहे. पुढचं आपापल्या आलिमांना विचारावं. इमारती, झाडं, पाणी, आभाळ एवढंही एका जन्माला पुरून उरतं. कोल्हापूरचे आबालाल रहमान जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. १९३१ मध्ये ते गेले, पण कोल्हापूरच्या पाण्या-झाडांची त्यांची चित्रं आजही लोक थांबून बघतात.

आता दाखवण्याचं. माशाअल्लाह जरूर म्हणावं, पण त्यापुढे एक वाक्य आणखी बोलावं. तीन-चार जणी पुरेत: जाऊ, शेजारच्या भाभी, मुलीची टीचर. असरनंतर बसावं. चित्रं मांडीवर न घेता भिंतीला टेकवून पाच-सहा पावलांवरून बघावीत. जिचं चित्र आहे तिनं गप्प राहावं. ‘इथं माझं बिघडलंय’ हे आधीच सांगितलं की सगळ्यांची नजर तिथेच चिकटते. बाकीच्यांनी नजर आधी कुठे गेली आणि काय कळलं नाही, एवढंच सांगावं. दुसरीच्या कागदावर ब्रश चालवायचा नाही, ‘जरा दे, मी करून दाखवते’ हेही नाही. आमच्या ओळखीच्या एका बैठकीत चित्रातलं काही न कळणाऱ्या सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “अगं, हा घुमट हवेत तरंगतोय.” घुमटाखालची सावली राहून गेली होती. तिथल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं.

मोबाईलवर पाठवायचं असेल तर पिवळ्या दिव्याखाली फोटो काढू नका, सगळे निळे हिरवट होतात. खिडकीशी, ऊन थेट न पडेल अशा जागी, फोन कागदाला समांतर धरून काढा.

आणि घरातल्या भाईसाहेबांना एक विनंती. फजरनंतरचा तो अर्धा तास चहा आपणच करून घ्या, एक कप तिच्याजवळही ठेवा. फक्त ब्रश धुवायच्या पाण्यापासून जरा लांब.