पास बंद करून घाव भरत नाही

परतूरच्या कॉलेजात आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, तर घरचे आधी तिचा पास बंद करतात. मोबाइल काढून घेतात, मावशीच्या गावी धाडतात, मग मिळेल ते स्थळ बघतात. हे आईबाप दुष्ट नसतात. विषय निघाला नाही तर पोर विसरेल, असं त्यांना मनापासून वाटतं.

काळ थोडंफार काम करतो, हे कबूल. अमेरिकेतल्या १९९२च्या एका अभ्यासात, अत्याचारानंतर पंधरवड्याच्या आत ९४ टक्के स्त्रियांमध्ये तीव्र मानसिक आघाताची लक्षणं होती. तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांमध्ये. पण मग उरलेल्या निम्म्या जणींचं काय? शिवाय सांगितल्यावर दोष मिळाला तर त्रास वाढतो, असं संशोधन पुन्हापुन्हा दाखवतं. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न तर क्रूरच. स्वीडनमध्ये २०१७ साली २९८ स्त्रियांच्या अभ्यासात ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं. थिजणं म्हणजे संमती नव्हे.

सोहैला अब्दुलालींवर १९८० साली मुंबईत सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. गुन्हेगारांना शिक्षा झाली नाही. पण घरचे पाठीशी राहिले, शिक्षण सुटलं नाही. १९८३ साली त्यांनी ‘मानुषी’ या नियतकालिकात स्वतःच्या नावाने सगळं लिहिलं, पुढे बॉस्टनमध्ये अशाच पीडितांसाठी काम केलं. कुणी म्हणेल, ती मुंबईची, शिकलेल्या घरातली. आमच्या पोरीला हे कुठून जमणार? पैशाचा, इंग्रजीचा फरक आहेच. पण लेकीवर विश्वास ठेवायला बापाला यातलं काय लागतं?

तक्रार करायची की नाही, कुणाला सांगायचं, हे सज्ञान मुलीने ठरवावं. तिची मर्जी एकदा मोडली गेली. घरच्यांनी पुन्हा मोडू नये. तक्रार नाही केली तरी कुठल्याही रुग्णालयाने तिच्यावर मोफत उपचार करायलाच हवेत, तसा कायदा आहे. तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडितांना आर्थिक मदत देणारी ‘मनोधैर्य’ योजना आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

आणि प्राध्यापकांनो, ती महिनाभर वर्गात दिसली नाही तर हजेरीचं कारण सांगून तिचा परीक्षेचा फॉर्म अडवू नका.