प्रत्येक बॅचला एक वहीवाला हवा

कॉलेजला आपली आठवण कधी येते? साधारण दोनदा. एक, नॅकची टीम येणार असते तेव्हा. (नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही मोजला जाऊ लागला आणि आपण अचानक मौल्यवान झालो!) आणि दुसरं, इमारतीला रंग द्यायचा असतो तेव्हा. मग एक फॉर्म येतो. नाव, बॅच, सध्याचं पद, कंपनी. आपण तो 'नंतर भरू' म्हणून ठेवून देतो आणि विसरतो. दोन्ही बाजूंनी फिट्टंफाट.

मधूनच पेपरात आयआयटी मुंबईची बातमी येते आणि सगळ्याच कॉलेजांच्या तोंडाला पाणी सुटतं. २०२३ मध्ये तिथल्या १९९८ च्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी रुपये जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये नंदन नीलेकणींनी, संस्थेशी नातं जुळल्याला ५० वर्षं झाली म्हणून ३१५ कोटी. आकडे वाचून आपले डोळे पांढरे! पण मला त्यात वेगळीच गोष्ट भारी वाटते. पंचवीस वर्षांनंतर त्या बॅचचे दोनशेहून जास्त लोक एका कामासाठी सापडले. आमच्या बी.कॉम.च्या वर्गातले वीस जण एका रविवारी एका हॉटेलात जमवून दाखवा, बिल मी भरते.

आणि हे सगळं पैशासाठीच असतं असं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचा किस्सा ऐका. १८२१ मध्ये तिथले अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अ‍ॅमहर्स्टला नवं कॉलेज काढायला निघून गेले. आता विल्यम्सला टाळं लागणार, अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा जुने विद्यार्थी गोळा झाले, त्यांनी संघटना बांधली आणि कॉलेज वाचलं. प्रिन्स्टनमध्ये तर प्रत्येक बॅचचा सेक्रेटरी असतो. कुणाचं काय चाललंय ते गोळा करून माजी विद्यार्थ्यांच्या मासिकाला कळवणं हे त्याचं काम. लग्न, बाळ, नवी नोकरी, अगदी निधनसुद्धा. म्हणजे ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर असते.

आपल्याकडे ती 'सगळ्यांची' असते. म्हणजे कुणाचीच नाही.

आमची बॅच २००५ ची. ऑर्कुटवर आमची कम्युनिटी होती, भिंतभर टेस्टिमोनिअल्स होते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ऑर्कुटच बंद झालं. निम्म्या लोकांचे ई-मेल आयडी असे होते की आज नोकरीच्या अर्जावर लिहायची लाज वाटेल, तेही मेले. टिकली ती एक वही. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. आमच्यातल्या एकाने सेंड-ऑफच्या दिवशी प्रत्येकाकडून घरचा पत्ता, लँडलाइन आणि गावाकडचा पत्तासुद्धा लिहून घेतला होता. तेव्हा आम्ही त्याला 'जनगणनावाला' म्हणून पिडलं होतं. आता तो नुसता 'वहीवाला'.

या वहीत आणि कॉलेजच्या यादीत एक मोठा फरक आहे. कॉलेजच्या यादीत फक्त पास झालेले. केटी लागून कायमचे बाहेर पडलेले दोघं तिथे नाहीत. वास्तविक कँटीनमधली निम्मी उधारी त्यांच्याच नावावर होती, आणि प्रॉक्सी लावण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ते बॅचमध्ये नाहीत असं कोण म्हणेल? वहीत ते आहेत. दुसरी भानगड मुलींची. लग्न झालं की आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, काहींचं तर पहिलं नावही तांदळाच्या ताटात पुन्हा लिहिलं जातं. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये माहेरच्या नावाची मुलगी शिल्लक राहते आणि खरी मुलगी गायब होते. मुलग्यांना शोधणं त्या मानाने सोपं. आडनाव तेच, तोरा तोच!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. त्याने न बोलता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. 'लेफ्ट' अशी एक करडी ओळ आली आणि पाच मिनिटांत तिच्याखाली कुणाच्या तरी घरच्या बिर्याणीचा फोटो येऊन बसला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. वहीवाल्याच्या आलं. त्याने मोबाइल लावला, उचलला नाही. मग वहीतला डोंबिवलीचा लँडलाइन फिरवला. आई म्हणाल्या, "अरे, तो खोलीतून बाहेरच येत नाही बघ. तू तरी बोल."

त्यानंतर तीन आठवडे रोज रात्री नऊला फोन. विषय काहीही. जुन्या मॅचेस, अकाउंट्सच्या सरांची स्कूटर, पावाची रांग. नोकरीचा 'न'सुद्धा नाही. पुढे ठाण्यात सीएची प्रॅक्टिस करणाऱ्या आमच्याच एका मैत्रिणीला जीएसटीची कामं बघायला माणूस हवा होता. आज तो तिच्याकडे आहे. अजूनही ग्रुपवर नाही, आणि आम्ही त्याला आग्रहही करत नाही.

या प्रकरणानंतर गेट-टुगेदरमधली ती ओळखपरेड आम्ही बंद केली. 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न ज्याचं बरं चाललंय त्यालाच आवडतो. बाकीचे त्या दिवशी नेमके 'गावाला' गेलेले असतात. त्याऐवजी प्रत्येकाने कॉलेजातला एक किस्सा सांगायचा, शक्यतो दुसऱ्याची फजिती झालेला. हजेरी वाढली, बरं का!

कॉलेजचं काय? रंगासाठी पैसे आम्हीही दिले, जमतील तसे. पण माझ्या मते जास्त उपयोगी पडलं ते दुसरंच. आम्ही चौघी दर जानेवारीत एका शनिवारी जाऊन टी.वाय.च्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू घेतो. खर्च रिक्षाचा आणि वडापावचा. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरात ऑफिसात नोकरी केलेलं कुणी नाही. त्यांचे प्रश्न कुठल्या पुस्तकात सापडायचे नाहीत. पगार आपण होऊन मागायचा असतो का? शर्ट खोचायचा का? मॅडम म्हणायचं की नावाने हाक मारायची? एकीने विचारलं, "उत्तर मराठीत सुचलं तर काय करू?" त्यावर आमच्या चौघींचं चार दिशांना तोंड. अर्धा तास वाद झाला. शेवटी तिला सांगितलं, आधी मराठीत नीट मांड, मग इंग्रजीचं बघू.

तुमच्या बॅचमध्ये वहीवाला असेलच. वाढदिवसांच्या तारखा पाठ असलेला, सगळ्यांच्या आयांशी बोलणारा, थोडासा बोअर म्हणून ओळखला जाणारा. त्याला या आठवड्यात स्वतःहून फोन करा, आणि वहीतली दहा नावं वाटून घ्या. एकट्याने किती वर्षं ओढायचं त्याने?

आमच्या वहीत ६४ नावं आहेत. ६१ सापडली. उरलेल्या तिन्ही मुली. त्यातली एक लग्न होऊन नाशिककडे गेली, एवढाच धागा हाती आहे. गेल्या रविवारी तिच्या माहेरच्या चाळीत जाऊन आले. चाळ पाडून टॉवर झालाय. पण खालचा इस्त्रीवाला तोच आहे. त्याने तिच्या भावाचा नंबर शोधून देतो म्हटलंय.